नवरीची गाडी, एक नारळ आणि माझा विमा

चहा घ्या आधी. हसायचं असेल तर आत्ताच थोडं हसून घ्या, कारण हा किस्सा निघाला की आमच्या घरात सगळ्यात मोठ्यानं माझी बायको सुमनच हसते, आणि मग तुमचं हसू कुणाला ऐकू जाणार? गोष्ट एवढीच, की एका नारळापायी मी एका नवरीला तिच्याच दारात अडवून धरलं होतं. पलीकडे देवळाची, म्हणजे आमच्याकडच्या चर्चची, घंटा वाजायला आलेली, आणि मी इकडे नारळाकडे पाहून मान हलवतोय. नाही म्हणजे नाही!

तर ऐका. हे सत्तरचं दशक संपत आलं तेव्हाचं. नालासोपाऱ्याजवळ, निर्मळच्या अलीकडे आमची केळीची वाडी. त्या भागात मोटार असायची डॉक्टरकडे, नाहीतर पुढाऱ्याकडे. तिसरी माझी! जुनीच होती, बोरिवलीच्या एका गृहस्थांकडून घेतलेली. दरवाजा दोनदा आपटल्याशिवाय लागत नसे. पण मोटार ती मोटार.

आता मी पडलो सातवी शिकलेला, बाकी जे काय आलं ते स्वतःच वाचून. रोज संध्याकाळी डायरी लिहायची सवय. वारा कुठला होता, केळीचा भाव काय होता, कोण येऊन गेलं, सगळं. त्यामुळे मोटार घेतली म्हणजे तिची कागदपत्रं वाचणं आलंच. विम्याची पॉलिसी इंग्रजीत. डिक्शनरी मांडीवर घेऊन मी ती अख्खी वाचली. लोक पोथी वाचतात तशी!

शिवाय आमचे विमा एजंट वर्दे. फार सज्जन माणूस. सायकलवरून यायचे आणि घाम पुसता पुसता समजावून सांगायचे.

"भाऊ, गाडीला पोचा आला तर ते नुकसान लहान. गाडी कुणाला लागली, तर ते खरं नुकसान."

"म्हणजे कसं?"

"समजा, सायकलवाल्याचा पाय मोडला. तो कामाला जाऊ शकला नाही, कोर्टात गेला. भरपाई द्यायची कुणी? मालकानं. आणि ती गाडीच्या किमतीएवढी नसते हां! त्याच्या पायाच्या किमतीएवढी असते. ती ठरवणार न्यायाधीश."

"बाप रे! पण मग विमा?"

"विमा आहे ना. कंपनी देईल. पण अट पाळलीत तर. तुमची गाडी खाजगी. भाडं घेऊन किंवा मोबदला घेऊन चालवलीत, की कंपनी हात वर करणार. मग राहिलं काय?" असं म्हणून त्यांनी खिडकीबाहेर पाहिलं.

खिडकीबाहेर माझी वाडी होती.

त्या दिवसापासून 'मोबदला' हा शब्द माझ्या डोक्यात जो बसला, तो उठेचना. कुणी गाडीत बसून उतरताना "थँक्यू" म्हणालं, तरी मला धसका! अडल्यानडल्याला गाडी द्यायची, पण कुणाकडून काही घ्यायचं नाही. दवाखान्यात नेलं, फुकट. परीक्षेला सोडलं, फुकट. पहाटे शेजारच्या चौघीजणी मोगऱ्याच्या टोपल्या घेऊन दादरला निघायच्या, त्यांना त्यांच्या टोपल्यांसकट नालासोपाऱ्याच्या स्टेशनवर सोडायचो, तो तर रोजचा शेजारधर्मच. गाडीला कायम असा मोगऱ्याचा घमघमाट, की डॉक्टरांच्या गाडीलासुद्धा नसेल.

या चौघींतली म्होरकी रेमेत आत्या. आमच्या कुंपणापलीकडच्या बस्त्यावची थोरली बहीण. बस्त्याव माझा लहानपणापासूनचा दोस्त. नाताळात त्याच्याकडचा फराळ आमच्याकडे, दिवाळीत आमचा त्याच्याकडे. त्याची मुलगी मर्सी शाळेत शिक्षिका. तिचं लग्न ठरलं तेव्हा बस्त्याव मला येऊन म्हणाला, "भाऊ, नवरी तुझ्या गाडीतून देवळात जाणार. दुसरी गाडी मी बघतच नाही."

"अरे, हे विचारायला आलास?" मी म्हटलं. छाती अशी फुगली म्हणून सांगू!

लग्नाच्या सकाळी गाडी धुतली, पुसली, सुमननं पुढे झेंडूचा हार बांधला. मी इस्त्रीचा शर्ट घालून बस्त्यावच्या मांडवासमोर गाडी उभी केली. बॅण्डवाले तयार. मर्सी पांढऱ्या झग्यात पायरीवर उभी. मी दार उघडून धरलं. बस, बसायचं आणि निघायचं!

पण नवरी जागची हलेना.

मांडवातून रेमेत आत्या आली. हातात तबक, तबकात नारळ आणि नवा कोरा रुमाल. तेव्हा मला आठवलं. अरे देवा, गाडीवाल्याचा मान! बैलगाड्या होत्या तेव्हापासूनची त्या घरची रीत. जो नवरीला देवळात नेतो, त्याला आधी नारळ द्यायचा. त्यानं नारळ घेतल्याशिवाय नवरी गाडीत पाय ठेवत नाही. इतक्या लग्नांना गेलो, जेवलो, पण गाडीवाला म्हणून कधी उभा राहिलो नव्हतो ना!

आणि माझ्या डोक्यात घंटा वाजली. देवळाची नव्हे, वर्दे यांची. मोबदला!

"आत्या, नको," मी म्हणालो.

"घे रे, मान आहे."

"नाही चालत."

आत्यानं बस्त्यावकडे पाहिलं. बस्त्यावनं मांडवाच्या खांबाकडे पाहिलं. त्या खांबाला शोभेसाठी बांधलेला केळीचा अख्खा लोंगर होता. "कमी वाटलं असेल," असं काहीतरी तो पुटपुटला आणि खांबावरून लोंगर सोडवून घेऊन आला.

"अरे, लोंगर कशाला? माझ्या वाडीत काय केळी कमी आहेत?"

"मग कोंबडी!" मागून कुणीतरी ओरडलं. आणि खरंच, दोन मिनिटांत आत्याच्या काखेत एक तांबडी कोंबडी आली. आता माझ्यासमोर नारळ, रुमाल, लोंगर आणि माझ्याकडे रागानं बघणारी कोंबडी. मी जेवढा नाही म्हणतोय, तेवढा मोबदला वाढतोय! विम्याच्या दृष्टीनं माझी अवस्था दर मिनिटाला बिकट होत चालली होती.

किनाऱ्याकडच्या गावातून आलेला नवरीचा मामा पुढे झाला. म्हणाला, "मला ठावं हाय! बावखलाच्या पान्यावरनं रुसलाय त्यो. मागल्या साली भांडान झालं नव्हतं काय तुमचं?"

"नाही हो! ते तळ्याच्या पाण्याचं भांडण केव्हाच मिटलं!"

"मग नारल का घेत नाय?"

आता मी काय सांगणार? बॅण्डवाले वाजवायचे थांबून आमच्याकडेच बघायला लागले. तेवढ्यात बस्त्याव जवळ आला आणि हळूच, अगदी मलाच ऐकू जाईल असं म्हणाला, "भाऊ, आमच्या हातचा मान चालत नाही का तुला? लग्नाच्या दिवशी?"

ज्याच्या ताटात मी लहानपणी जेवलो, तो माणूस हे विचारतोय! आणि तेही मुलीला निरोप द्यायच्या वेळी. सगळी वाडी गेली असती तरी चाललं असतं, पण हे नको होतं. मग मात्र मी खरं तेच बोललो.

"बस्त्याव, तसं काही नाही रे! माझा विमा जाईल!"

आत्यानं तबकातल्या नारळाकडे निरखून पाहिलं.

"नारळानं?" आत्या म्हणाली.

"मोबदला घेतला की विमा लागू होत नाही. वाटेत कुणाला गाडी लागली तर भरपाईत माझी वाडी जाईल. पॉलिसीत लिहिलंय!"

"अरे, पण रोज पहाटे तर तू आमच्याकडून..." आत्यानं तोंड उघडलं, आणि नेमकी त्याच क्षणी देवळाची घंटा वाजली. पहिली घंटा! फादर वेळेचे कडक. दुसऱ्या घंटेला मिस्सा, म्हणजे देवळातली उपासना, सुरू. आत्याचं वाक्य घंटेत बुडालं आणि सगळे एकदम गोंधळले.

आता ऐका, मी त्या गोंधळात काय केलं. खिशात हात घातला, दोन रुपयांची नोट काढली आणि बस्त्यावपुढे धरली.

"हा नारळ मी तुझ्याकडून विकत घेतो. म्हणजे मोबदला राहणार नाही. खरेदी होईल!"

मला वाटलं, काय तोड काढली! वर्दे असते तर पाठ थोपटली असती. बस्त्यावचा चेहरा मात्र असा झाला, जसं मी त्याच्या मांडवात दुकान मांडलं. मामा बाह्या सरसावायला लागला. कोंबडीनंही पंख फडफडवले.

आणि मग पायरीवरून हसण्याचा आवाज आला. मर्सी हसत होती. पांढरा झगा दोन्ही हातांनी उचलून ती खाली आली. लग्नाला उशीर होतोय, बाप रडवेला झालाय, मामा भांडायला उठलाय, आणि ही पोरगी वर्गात उभं राहावं तशी शांत!

"भाऊकाका, विमा कुणाचा?"

"गाडीचा."

"गाडी चालवणार कोण?"

"मीच की."

"मग मान तुम्ही घेऊच नका." तिनं आत्याच्या हातातलं तबक घेतलं आणि माझ्या मागे उभ्या असलेल्या सुमनकडे गेली. "काकू, तुम्ही गाडी चालवता?"

"छे ग बाई!"

"मग हा नारळ तुमचा. लहानपणी तुम्ही माझी वेणी घालायचात, त्याचा."

सुमननं नारळ घेतला. रुमाल घेतला. लोंगर घेतला. आणि कोंबडी? ती तर तिनं आत्याच्या काखेतून स्वतःच ओढून घेतली! नको म्हणणं नाही, आढेवेढे नाहीत, काही नाही. मर्सीनं तिच्या पाया पडून गाडीत पाय ठेवला. बस्त्यावनं डोळे पुसले आणि माझ्या पाठीत असा एक धपका घातला, की तो प्रेमाचा होता का रागाचा, हे मला अजून कळलेलं नाही. मी दरवाजा दोनदा आपटला. निघालो.

इतक्या वर्षांत मी हुशार माणसं पुष्कळ पाहिली. पण सगळ्यांचा मान राखून, कुणाला खोटं न पाडता असा गुंता सोडवणारी ती एकच. दुसरी घंटा वाजली तेव्हा आम्ही देवळाच्या दारात होतो. खरं म्हणजे लवकर पोचलो असतो, पण कुणाला धक्का लागू नये म्हणून मी गाडी अशी हाकली, की चालत निघालेला बॅण्ड आमच्या पुढे निघून गेला!

पुढच्या रविवारी वर्दे आले. सुमननं त्याच नारळाच्या वड्या पुढे ठेवल्या. मी सगळी हकिगत सांगितली. हसून हसून त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं.

"अहो भाऊ, मानाचा नारळ म्हणजे भाडं होय? घ्यायचा होता खुशाल!"

"पण मोबदला..."

"भाडं म्हणजे ठरवून घेतलेले पैसे. नेतो म्हणून द्या, आणि देता म्हणून नेतो, असं. प्रेमाच्या नारळानं कुणाचा विमा जात नाही. पण तुमच्यासारखा काळजी घेणारा माणूस मी पाहिला नाही!" त्यांनी वडी उचलली. "बरं, एवढी गाडी सगळ्यांसाठी फुकट फिरवता, मग पेट्रोलचं कसं जमवता?"

"त्याची काळजी नाही," मी अभिमानानं म्हणालो. "पहाटेच्या टोपल्या आहेत ना! टोपलीमागे ठरलेले पैसे देतात त्या. सगळं पेट्रोल त्यातच सुटतं."

वर्दे यांची वडी तोंडापाशीच थांबली.

"ठरलेले?"

"हो. टोपली मोठी असेल तर थोडे जास्त."

"कधीपासून?"

"गाडी घेतली तेव्हापासून."

"भाऊ," वर्दे अगदी हळू आवाजात म्हणाले, "याला तुम्ही काय म्हणता?"

"शेजारधर्म."

"याला भाडं म्हणतात! दुसऱ्याचा माल, ठरलेले पैसे, रोजची फेरी आणि खाजगी गाडी! अहो, एखाद्या पहाटे सायकलवाला आडवा आला असता तर कंपनीनं पॉलिसीकडे बघितलंसुद्धा नसतं!"

माल? मोगरा म्हणजे माल? मला वाटायचं, माल म्हणजे सिमेंटच्या गोण्या! आतून सुमनचं हसू ऐकू आलं आणि पाठोपाठ कोंबडीचं. इतके दिवस मी भाड्यानं गाडी चालवत होतो आणि अडवलं कशाला, तर नारळाला!

दुसऱ्या पहाटे चौघींना सांगून टाकलं, आता पैसेही नाहीत आणि टोपल्याही नाहीत. रेमेत आत्या जराही रागावली नाही.

"मांडवात तेच सांगत होते तुला. घंटेनं ऐकू दिलं नाही."

"मग नंतर का नाही बोललात?"

"स्वतःवर एवढा खूश होऊन गाडी चालवत होतास, म्हटलं कशाला!"

आणि पुढे त्या बाईनं काय केलं ऐका. वर्दे यांना घरी बोलावून घेतलं. भाड्याच्या गाडीला विमा कुठला, परवाना कुठला, ड्रायव्हरला काही झालं तर काय, मालाचं नुकसान झालं तर काय, असे प्रश्न विचारून विचारून त्यांना घाम फोडला. मग चौघींनी मिळून पतपेढीचं कर्ज काढलं आणि जुना टेम्पो घेतला. सगळे कागद चोख! गावातल्या निम्म्या वाड्यांचा माल तिच्या टेम्पोतून जाऊ लागला. एवढा धीर माझ्या अंगात कधीच नव्हता.

एकदा माझी केळी स्टेशनवर न्यायची होती. लोंगर टेम्पोत चढवले आणि म्हटलं, आता आपणही रीत पाळू. घरून आणलेला नारळ मोठ्या प्रेमानं आत्यापुढे धरला.

तिनं नारळाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि मान हलवली.

"तो घरी ने, भाऊ. माझ्या टेम्पोचा विमा भाड्याचा आहे. भाडं काढ!"