तळ्यातला कस

आमच्या घरात कस रोज सकाळी झाडून काढतात आणि गाडी आली की तिच्यात टाकतात. कस म्हणजे कचरा. शब्द कन्नड आहे, पण आमच्या लोकांनी बेंगळुरूत पाय ठेवला त्याला इतकी शतकं लोटली की कुठला शब्द आमचा आणि कुठला शेजाऱ्यांचा, हे विचारायची पाळी कधी आलीच नाही. कन्नड माणूस त्यातला शेवटचा अ नीट उच्चारतो, आम्ही तो गिळून टाकतो, एवढाच काय तो फरक. लहानपणी शाळेला निघताना आईचा शेवटचा प्रश्न असायचा, "कस काढलास का?"

जमिनीलाही कस असतो, हे मी मोठेपणी मराठी पुस्तकांत वाचलं. म्हणजे ते माझ्या डोळ्यांना ठाऊक होतं, कानाला नव्हतं. माझ्या थोरल्या बहिणीला, अक्काला, तेवढंही ठाऊक नव्हतं. तिची शाळा कन्नड, मराठी तिला फक्त बोलता येतं.

अक्का आनेकलच्या रस्त्यावर, एका तळ्याच्या काठी राहते. तिच्या सासरची गल्ली आमच्यासारख्याच जुन्या मराठी घरांची. भाऊजी गेल्यावर तिने चार गाईंवर संसार ओढला. गोठा घराला लागून, तळ्याच्या उतारावर. जागा गावाची, पण तिच्या सासऱ्यांच्या आधीपासून तिथे गाईच बांधल्या जात. मी जयनगरात राहते, एका ऑफिसात काम करते, आणि रविवारी दोन बस बदलून तिच्याकडे जाते. दुधासाठी जाते असं सांगते. खरं म्हणजे मला तिच्यावाचून करमत नाही.

तळं बिघडत चाललेलं आम्ही सगळे बघत होतो. आधी पाणी हिरवं झालं, मग डब्यातल्या हिरव्या रंगासारखं घट्ट झालं. पलीकडच्या काठावर उंच अपार्टमेंट आली आणि त्यांच्या बाजूने फेस यायला लागला. वारा सुटला की तो फेस रस्त्यावर उडायचा आणि स्कूटरवाले त्यातून डोळे मिटून जायचे. पण अक्काचा राग होता तो पिशव्यांवर. लोक गाडी थांबवून उरलेलं अन्न प्लास्टिकच्या पिशवीत बांधून तळ्यात भिरकावत. तिची आधीची एक गाय तसली पिशवी खाऊन मेली होती. तेव्हापासून कुणी काठावर गाडी थांबवली की ही बाई हातात केरसुणी घेऊन बाहेर येई.

मग एके दिवशी तळ्यातले मासे मेले. पांढरी पोटं वर करून काठाला लागले आणि अपार्टमेंटमधल्या लोकांना खिडक्या उघडता येईनात. तक्रारी झाल्या, फोटो फिरले, आणि वर्षभरात सरकारी अनुदान मंजूर झालं. आमची गल्ली इतकी वर्षं नाक दाबून बसली होती तेव्हा कुणी ढुंकून बघितलं नव्हतं. असो.

अनुदानाचं काम ज्या कंपनीला मिळालं तिने एक इंजिनियर पाठवला. पुण्याकडचा, तिशीतला, मारतहळ्ळीत भाड्याने राहणारा. मारुतीच्या देवळात बैठक होती, आणि रविवार होता म्हणून मीही होते. कन्नडमध्ये समजावून सांगणारा कारकून वाहतुकीत अडकला होता. इंजिनियरचं कन्नड 'स्वल्प अडजस्ट माडी', म्हणजे थोडं सांभाळून घ्या, ह्याच्या पुढे जात नव्हतं. तेवढ्यात अक्का मला म्हणाली, "ह्याला स्वल्प चहा तरी दे ग," आणि तो उडालाच.

"तुम्ही मराठी?" त्याने विचारलं. गल्लीतली निम्मी घरं मराठी आहेत हे कळल्यावर त्याचा चेहरा इतका उजळला की मला त्याची दयाच आली. मारतहळ्ळी म्हणजे मराठ्यांची हळ्ळी, मराठ्यांचं गाव ना, असंही त्याने उत्साहात विचारलं. बाहेरून आलेला प्रत्येक जण हे विचारतो. त्या नावाचा मराठ्यांशी काही संबंध नाही, असं मी सांगितलं, तर त्याला ते खरं वाटलं नाही.

मग त्याने कारकुनाची वाट न बघता मराठीतच सुरुवात केली. आधी न्यूट्रिएंट्स म्हणाला. कुणाला कळलं नाही. मग पोषकद्रव्यं म्हणाला. अक्का म्हणाली, "म्हणजे काय ते सरळ सांग." मग त्याला शब्द सापडला.

"कस," तो म्हणाला. "तळ्यात कस फार झालाय. त्याच्यावर शेवाळ माजतं, ते कुजलं की पाण्यातली हवा संपते आणि मासे मरतात. हा कस कमी करायलाच सरकारने पैसे दिलेत."

देवळात एकदम माना डोलल्या. मराठी घरांच्या डोलल्याच, पण मागे बसलेल्या कन्नड शेजाऱ्यांच्याही डोलल्या, कारण अख्ख्या भाषणात त्यांना तेवढा एकच शब्द कळला होता. अक्का तर उभीच राहिली. "मी किती वर्षं हेच सांगतेय," ती म्हणाली. "कस काढा, म्हणजे तळं सुधारेल."

"काकू, पण ज्याच्या दारातून कस तळ्यात जातो, त्याच्या दारापासून सुरुवात करावी लागेल."

"काकू कुणाची? अक्का म्हण. आणि सरी, ठीक आहे, आमच्या दारापासून सुरुवात कर. सगळ्यांना दिसू दे."

तिच्या दारातून एक कागदाचा कपटाही तळ्यात जात नव्हता. तेच तिला दाखवायचं होतं. इंजिनियरचे डोळे मात्र भरून आले. गोठा असलेली बाई सगळ्यांसमोर स्वतःहून पुढे येते, असं त्याने कुठे बघितलं नव्हतं. त्याच्यासोबतच्या मुलीने त्या सगळ्याचा मोबाइलवर व्हिडिओ काढला. कारकून शेवटी पोचला, तेव्हा लोक प्रसाद घेऊन घरी निघाले होते.

मीही मान डोलावली होती. मला काही वेगळं ऐकू आलं नव्हतं.

पुढच्या महिन्यात अक्काचा फोन आला. अक्का फोनवर ओरडत नाही, तेव्हा काळजी करायची असते. ती हळू आवाजात म्हणाली, "माणसं आलीत. गोठ्यापाठी खुंट्या ठोकतायत." मी रजा टाकून गेले.

गोठा धुतल्यावर पाणी ज्या चरातून उतारावरून तळ्यात जायचं, तो चर मातीने बुजवला होता. गोठ्यातली अर्ध्याहून जास्त जमीन चुन्याने आखली होती. तिथे सिमेंटची टाकी होणार, शेण आणि मूत तिच्यात जमा होणार, असं मजूर म्हणाले. मग गाई कुठे उभ्या राहणार, असं विचारलं तर म्हणाले, साहेबांना विचारा. इंजिनियर आला तेव्हा अक्का त्याच्यापुढे उभी राहिली.

"तू कस काढणार होतास. हे काय काढतोयस?"

"तोच तर, अक्का. तळ्यात जाणारा कस थांबवतोय."

"माझ्याकडे कुठला कस? हे शेण आहे."

"शेण म्हणजे कसच ना," तो समजुतीने म्हणाला. "शेणाइतका कस कशात असतो?"

त्याने शेणाची थोरवी गायली होती. अक्काला ऐकू आलं की शेण म्हणजे कचरा, आणि सगळ्यांत मोठा कचरा. जिने रोज शेणाने अंगण सारवलं, जिच्या शेणासाठी फुलांच्या मळ्यातून माणसं येत, तिला कुणी तोंडावर असं म्हटलं नव्हतं. ती लाल झाली. तो गोंधळला. आणि त्या दोघांच्या मध्ये उभी असताना माझ्या डोक्यात ती पुस्तकं उघडली. जमिनीचा कस.

इतिहासात कुणी तरी ध चा मा केला म्हणतात. इथे तर कुणी काहीच केलं नव्हतं. अक्षरं तीच, अर्थही दोन्हीकडचे बरोबर. मी त्या मुलाला दोन वाक्यांत समजावलं. तो तिथेच दगडावर बसला. म्हणाला, "मला ट्रेनिंगमध्ये सांगितलं होतं, पहिल्या बैठकीत शेण, घाण असले शब्द वापरू नका, लोक दुखावतात. म्हणून मी चांगला शब्द शोधला."

मला त्याच्यावर मनापासून ओरडायचं होतं. त्या दिवशी ते जमलं नाही.

ओरडायला मी सरकारी कार्यालयात गेले. तिथल्या साहेबांनी मला बसवलं, पाणी दिलं, आणि मोबाइलवरची अक्का दाखवली. आमच्या दारापासून सुरुवात कर, सगळ्यांना दिसू दे. मी त्यांना कन्नडमध्ये सांगितलं की ती कचऱ्याबद्दल बोलत होती. त्यांना ते इतकं आवडलं की त्यांनी शेजारच्या टेबलावरच्या माणसाला बोलावून मला पुन्हा सांगायला लावलं. मग म्हणाले, "पण अम्मा, संमती ती संमती."

मी विचारलं, अपार्टमेंटच्या नळातून रात्रंदिवस फेस येतो त्याचं काय? तर ते वेगळं खातं. हे अनुदान फक्त लहान, विखुरलेल्या जागांसाठी होतं. गोठे, मळे, कपडे धुण्याचे दगड. आणि मार्चअखेर खर्च झाला नाही तर पैसे परत जातात. चोर सोडून संन्याशाला फाशी, असं मी मराठीत म्हणाले. त्यांना कळलं नाही, आणि मी भाषांतर करायच्या मनःस्थितीत नव्हते.

पण अक्का पूर्ण संन्यासी नव्हती, हेच मला जास्त छळतं. इंजिनियरने एकदा मला दोन बाटल्या दाखवल्या होत्या. एका बाटलीत चराच्या तोंडाजवळचं पाणी, दुसरीत जरा लांबचं. चराजवळचं पाणी गर्द हिरवं होतं. लांबचंही हिरवंच होतं, पण आरपार बोट दिसत होतं. मी ते अक्काला सांगितलं. ती म्हणाली, "गाईच्या शेणाने कधी पाणी बिघडलंय?" तिच्या सासूच्या काळी बिघडत नसेल. तेव्हा तळं मोठं होतं, पावसाचं पाणी येत होतं, जात होतं. आता येतं ते गटाराचं, आणि जायला वाट नाही. तिचं खरं होतं आणि बाटलीचंही खरं होतं. मला बहिणीची बाजू घ्यायची होती आणि ती पुरती घेता येत नव्हती. आजही ह्या गोष्टीने मला झोप लागत नाही.

त्या मुलाने प्रयत्न केला, हे मान्य करायला हवं. टाकी लहान करता येते का ते बघितलं, गोठ्यासाठी गावाकडून दुसरी जागा मागितली. गावाकडे जागा नव्हती. जी होती तिच्यावर पार्किंग झालं होतं. टाकी लहान झाली तर अनुदानात बसत नव्हती. शेवटी एकच गाय उभी राहील एवढी जागा उरली.

एका गाईवर घर चालत नाही, आणि एकटी गाय नीट खात नाही. अक्काने चौघींना होसूरकडच्या एका माणसाकडे पाठवलं. टेम्पोत चढताना तिने प्रत्येकीच्या कपाळाला हळद लावली आणि त्या माणसाला बजावलं की थोरलीला डाव्या बाजूने धार काढायची, नाही तर लाथ मारते. रडली नाही. मी रडले, तर म्हणाली, "तू दूध तरी पाकिटाचं आणत जा आता. रविवारी यायला काही निमित्त हवं ना तुला."

मी म्हटलं, निमित्त नको. पण तिने माझं गुपित इतकी वर्षं ओळखलं होतं, हे कळून मला अधिकच रडू आलं.

टाकी झाली. छान झाली, झाकणासकट. तिच्यात घालायला काही नाही. तळं अजून हिरवंच आहे. पलीकडून फेस येतो, आणि अक्काच्या बाजूचा कोपरा, खोटं कशाला बोलू, जरा निवळलाय. एकदा तिथे एक बगळा दिसला. मी तिला तो दाखवला. तिने बघितला आणि चहा ठेवायला आत गेली.

मार्चच्या शेवटी इंजिनियर अहवालासाठी फोटो काढायला आला. बरोबर त्याने पुण्याची बाकरवडी आणली होती. अक्काने ती घेतली, त्याला चहा दिला. त्याने तिला टाकीशेजारी उभं केलं आणि फोटो काढला. मग तो बराच वेळ मोबाइलशी खेळत राहिला.

"अक्का, एक वाक्य हवं होतं," तो म्हणाला. "लाभार्थींचं मनोगत म्हणून. नाही दिलंत तरी चालेल."

"का नाही? लिही," अक्का म्हणाली. "कस गेला."

त्याचा अंगठा थांबला. एव्हाना त्याला आमचा कस माहीत झाला होता आणि तिला त्याचा. त्याने माझ्याकडे बघितलं, मी तळ्याकडे.

"कुठला लिहू?" त्याने हळूच विचारलं.

"तुझ्या मराठीतला," अक्का म्हणाली, आणि केरसुणी उचलून गोठ्यात गेली. तिथे झाडायला काही नव्हतं.