आत्याची भिंत आणि सात माणसं

लालबागच्या आमच्या चाळीत आत्याच्या खोलीची एक भिंत फुगली होती. चाळ कमिटीने इंजिनियर बाईंना बोलावलं. भार पडल्यावर भिंत बेताबाहेर वाकली, तर खोली गणपतीआधी रिकामी करावी लागणार होती. घरचा गणपती दुसरीकडे बसवायला आत्या तयार नव्हती.

बाईंनी भिंतीवरच एक यंत्र आवळून बसवलं. लेसरच्या प्रकाशात आधी भिंतीचं एक चित्र घ्यायचं, मग खोलीत वजन ठेवून दुसरं. दोन्ही एकावर एक ठेवली की पडद्यावर पट्टे उमटतात. पट्टे जितके दाट, तितकी भिंत जास्त वाकलेली. केसाच्या जाडीच्या शंभराव्या हिश्श्याएवढी हालचालही कळते, असं त्या म्हणाल्या. हादरे बसू नयेत म्हणून खालच्या दुकानातले मसाला कुटायचे डंक बंद ठेवले होते.

पहिलं चित्र झालं. वजन म्हणून शेजाऱ्यांना बोलवायला बाई आणि मी गॅलरीत गेलो. शेजारी येऊन बसले, दुसरं चित्र घेतलं. पडद्यावर पट्टा एकही नव्हता, बिघडलेल्या टीव्हीवर दिसतात तशा नुसत्या मुंग्या.

बाईंनी भिंतीला बोट लावून पाहिलं. भिंत ओली होती.

"आजी, पुसलीत?"

"फोटो काढताय ना," आत्या म्हणाली. "जळमटं होती."

यंत्राच्या लेखी आता ही वेगळीच भिंत आहे, असं बाईंनी शांतपणे सांगितलं. मग आधीच्या भिंतीचं फुगणं हिच्या माथी कशाला, असं आत्याने विचारलं.

भिंत वाळल्यावर पुन्हा पहिल्यापासून सुरुवात झाली. या वेळी मी आत्याचा हात धरून खाटेवर बसलो. शेजारी एकेक करून आत आले आणि न हलता बसले. माणसं घरात आहेत आणि चहा नाही, हे आत्याला सोसत नव्हतं. सात जणांपर्यंत पट्टे विरळ राहिले. आठवा कमिटीचा सेक्रेटरी. तो टेकला आणि पट्टे एकदम दाटले. आपण अजून जेवलेलोही नाही, एवढंच तो म्हणाला.

अहवाल आला: दुरुस्ती होईपर्यंत खोली वापरता येईल, घरच्यांखेरीज एका वेळी सात माणसं.

गणपतीत आरती पाळीपाळीने झाली. सात जण आत, बाकीची चाळ गॅलरीत टाळ्या वाजवत. गॅलरी कोणी मोजली नव्हती. एक जण बाहेर पडला तसा सेक्रेटरी आत निघाला. आत्याने त्याला उंबऱ्यावर थांबवलं.

"तू थांब रे. अजून एकाला बाहेर येऊ दे."