धुरात राखलेली ज्वारी

चार वर्षांपूर्वी राणीसावरगावातल्या एका शेतकरी बाईंनी जुन्या ज्वारीची कणसं परभणीच्या प्रयोगशाळेला दिली. प्रयोगशाळेतल्या एका संशोधक तरुणीबरोबर माझंही त्यांच्या घरी जाणं झालं होतं; चुलीचा धूर नाकात गेला की मला ते घर आठवतं. चुलीवर टांगलेली चारच कणसं होती, काजळीनं काळी झालेली. हे वाण गावात दुसऱ्या कुणाकडे उरलं नव्हतं आणि कमी पाण्यावर तगणारी त्याची जनुकं त्या तरुणीला तपासायची होती. "मावशी, धुरानं कोंब मेला असला तर वाणच संपलं," ती म्हणाली. "धुरानं किडे मरतेत, पोरी. मी जलमभर चुलीपुढंच हाय, मेले का?" असं म्हणत बाईंनी तीन कणसं दिली, घरातलं सगळं बी कुणी देत नसतं. पाचव्या दिवशी प्रयोगशाळेतून फोन आला. ओल्या कागदावरच्या दहा दाण्यांपैकी आठांना कोंब फुटले होते.