चुलाणाला लावलेला पंखा

मला पुण्याच्या मोटारीवर सोडायला दादा सातारा रस्त्यापर्यंत आला, तो थेट गुऱ्हाळाच्या चुलाणावरून. अंगावर राख, मुंडाशात चिपाडाचा भुसा, आणि डोळे लालभडक, पाणी गळणारे. मोटारीतल्या एका म्हातारीनं मला दटावलं, "अरं, भाऊ रडतुया, मागं बग की जरा." गुऱ्हाळाच्या हंगामात दादाचे डोळे असेच असत. त्या दिवशी तो खरंच रडत होता का, हे मला आजवर कळलेलं नाही.

भोंगवलीला मळ्यात आमचं गुऱ्हाळ. काहिलीतल्या रसाचा गूळ कधी झाला हे ठरवणार आमचे वडील, आबा, आणि खाली चुलाणात जाळ घालणार माझा थोरला भाऊ, श्रीपतीदादा. चरकातून पिळून निघालेली चिपाडं वाळवायची आणि तीच जाळायची. पौषात नदीवरून धुकं चढलं की चिपाडं सर्द होत. धुराडं ओढ घेईना, की सगळा धूर पुढच्या तोंडातून दादाच्या अंगावर. जाळ पडला तर गूळ काळा उतरतो, म्हणून आबा वरून ओरडत, "श्रीपती, जाळ कुठाय?" खालून दादा खोकत म्हणे, "धुरात हाय, तुमीच हुडका." आम्ही सगळे हसत असू. तसं हसणं मला पुण्यात पुन्हा कुठं सापडलं नाही. वाटेनं जाणाऱ्या कुणालाही हाक मारून रस पाजायचा, उसाच्या कांड्यावर गरम गूळ गुंडाळून पोरांच्या हातात द्यायचा, हा आमचा रिवाज. शहरात दुपारी दाराशी आलेल्या माणसाला पाणी विचारताना अजून माझी जीभ "रस घ्या" म्हणायला वळते.

पुण्यात मी लोखंड ओतायच्या कारखान्यात लागलो. तिथली भट्टी धुराड्याच्या मर्जीवर नव्हती. पट्ट्यावर फिरणारा पंखा, ब्लोअर म्हणत त्याला, नळातून तिच्यात वारा कोंबायचा आणि कोळसा पांढरा होईस्तोवर पेटायचा. मी बघत उभा राहिलो. हा वारा आमच्या चुलाणात खालून सोडला, तर सर्द चिपाडंही पेटतील आणि धूर मागच्या मागं जाईल, हे मला तिथंच दिसलं. हातानं फिरवायचा एक लहान पंखा भंगारात पडून होता. फोरमनला मागितला असता तर त्यानं दिला असता.

मी मागितला नाही. पंखा नेला की तो सांभाळायला जाणता माणूस लागणार, आणि आबा म्हणणार, आता तूच राहा. मला राहायचं नव्हतं. भोंगा झाला की मोकळं होणारं डोकं, रविवारी इराण्याकडचा चहा, आपली एकट्याची खोली, हे मला आवडायला लागलं होतं. पत्रात मी लिहायचो, तुमची फार आठवण येते. ती यायचीही. पण परत जावंसं वाटायचं नाही. दिवाळीला घरी जाई तेव्हा चुलाण अजून पेटलेलं नसे, त्यामुळं सगळं सोपं होई.

असे हंगामामागून हंगाम गेले. आबा वारले. मग वहिनीनं गावच्या माणसाबरोबर निरोप धाडला, "ह्यांना सांजचं दिसत न्हाई. भिंत धरून येत्यात."

तेव्हा मी पंखा नेला.

पहिल्या दिवशी फजिती झाली. कारखान्याच्या सवयीनं वारा जोरात सोडला, तोही पुढच्या तोंडातून. दगडी कोळसा जड असतो, चिपाड पिसासारखं. जळकी चिपाडं उडून काहिलीत पडली, रस उतू गेला. वहिनी म्हणाली, "भावजी, गूळ करताय का बुक्का?"

मग नळ खाली राखेच्या खड्ड्यात नेला. वर सळ्यांची जाळी घातली, पुढच्या तोंडाला पत्र्याचं झाकण बसवलं आणि वारा कमीजास्त करायला नळात झडप टाकली. पुढच्या काहिलीला वहिनी दांडा फिरवायला बसली. जाळ सळसळत मागं गेला. काहील उतरायच्या वेळी झडप लावली, तर तो लगेच बसलाही. गूळ पिवळाधमक निघाला.

दादा तोंडाशी आपल्या जागेवर होता, धूर चुकवायला मान तिरकी करून. हळूहळू त्याची मान सरळ झाली.

"धूर कुठं गेला रं?"

"मागं गेला, दादा."

मग दादा म्हणाला, "हे तुला तिकडं गेल्या गेल्या न्हाई दिसलं?" आवाजात टोमणा नव्हता. वहिनीचा हात दांड्यावर थांबला.

"न्हाई," मी म्हणालो. "आत्ताच आलंय हे."

"मंग ठीक. म्या म्हनलं, दिसलं असतं तर आनला असतास."

त्यानंतर मी दर हंगामाला जातो. पंख्याला तेल देतो, झडप साफ करतो आणि कामाचं निमित्त सांगून दुसऱ्याच दिवशी मोटार गाठतो. माझ्यासारखे गाव सोडलेले भेटतात तेव्हा घराच्या गोष्टी निघतात. कुणाला विहीर आठवते, कुणाला आईच्या हातची भाकरी. मी त्यांच्यात मान हलवतो. माझ्यापुरतं घर म्हणजे एक माणूस आहे, ज्यानं माझा शब्द खरा धरला आणि पुन्हा कधी विचारलं नाही.

दादाला आता अक्षर दिसत नाही. हे लिहिलेलं त्याला गावचे मास्तर वाचून दाखवतील. मास्तर, काही गाळू नका, वहिनी समोर असली तरी.

दादा, मला दिसलं होतं. गेल्या गेल्याच दिसलं होतं.