मोडीत आलेली गुंडी

ऐंशीच्या आसपासची गोष्ट. चित्रकला शिकून मी भंडाऱ्याला घरी परतलो होतो आणि कामधंदा बघायचं सोडून, जुन्या भांड्यांची मोड फोडणाऱ्या माणसांची चित्रं काढत, त्यांना प्रश्न विचारत हिंडत होतो. घरोघरी स्टील शिरलं होतं. जुनं पितळ पोत्यांनी वितळवायला भट्टीवर येत होतं. मोहल्ल्यात कुणी विचारलं, "पोरगा काय करते?" की माय म्हणायची, "चित्रं काढते." एवढं बोलून ती खाली बघायची. मला स्वतःचीच लाज वाटायची, आणि चिडायचो मात्र तिच्यावर.

भट्टीपाशी एक मावशी भांडी ठोकून चपटी करायची. भांडं हातात आलं की आधी त्यावर कोरलेलं नाव ठोकून बुजवायचं, मग बाकीचं, असा तिचा नेम. आंदणाच्या भांड्यावर नाव असतंच, आणि कुणाचं आंदण मोडीत आलं हे चारचौघांत कळू नये म्हणून तिथले सगळेच तसं करत. मी मात्र खोदून खोदून विचारायचो, हे कोणत्या घरचं, का विकलं?

"कायले विचारून राहिला बाबू?" ती म्हणायची. "गरज कोनाले नाई पडत? तू आपलं माह्या हाताचं चित्र काढ."

"मावशी, नुसत्या हाताले काय अर्थ?" काय अक्कल पाजळायचो मी!

एका दुपारी तिने पोत्यातून पाणी भरायची पितळी गुंडी काढली, मांडीवर घेतली. मी भराभर रेघा ओढल्या. गळ्याखालच्या ठिपक्या-ठिपक्यांचं नावही उतरवलं, आणि उतरवताना वाचलं. माझ्या आज्याचं नाव. मायच्या लग्नात त्यानेच दिलेली गुंडी.

मावशीने माझ्याकडे पाहिलं. कधी नव्हे ती पाठ फिरवून बसली आणि हातोडा घातला. "आता घरी जा बाबू," म्हणाली. गुंडी कुणी आणून दिली हे तिला ठाऊक होतं, आणि मी कुणाचा हेही.

मेल्याहून मेल्यासारखं झालं. गुंडी कुठं गेली विचारलं तेव्हा 'मामाकडे लगन आहे, तिकडे धाडली,' असं मायने सांगितलं होतं. त्याच आठवड्यात माझे रंग संपले, तेव्हा तिनेच नवे आणून दिले होते. आणि मी, शहाणा, जगाला विचारत फिरत होतो, का विकलं म्हणून!

तलावाच्या पाळीवर बसून मी चित्रातलं नाव रबराने पुसून काढलं. मायला अक्षरओळख नव्हती, तरी पुसलं. कागद फाडून टाकायचं धाडस काही झालं नाही. चित्र चांगलं उतरलं होतं ना!

संध्याकाळी माय रोजच्यासारखी पदराला हात पुसत आली. "आज काय काढलं, दाखव बरं."

मी कागद पुढे केला. "भट्टीवरची मावशी आहे. गुंडी कोणाची तरी."

ती बघत राहिली. चित्रातल्या गुंडीच्या पोटाशी एक पोचा होता. लहानपणी मीच ती विहिरीच्या पायरीवर आपटली होती. नाव पुसण्याच्या नादात तो तसाच राहिला होता. मायने त्यावर बोट ठेवलं.

"पोचा याच्यापेक्षा खाली होता रे," ती म्हणाली, आणि प्लास्टिकची बादली उचलून पाण्याला गेली.