इंजिन चालू, प्रेशर शून्य

आमची खोली सिल्वासाजवळ नरोलीत होती. वडील नंदुरबारकडून आले आणि यार्नच्या कारखान्यात लागले. आई घरी बसून प्लास्टिकच्या झाकणांच्या कडा ब्लेडने साफ करायची. पोतं भरून यायचं, पोतं भरून जायचं. मी सातवीत असताना वडिलांच्या मशीनची मोटर जळाली. "तूच ओव्हरलोड केलंस," म्हणून त्यांना गेटबाहेर काढलं. ती मोटर उघडून कोणी बघितलीच नाही. पुढे वडील नाक्यावर उभे राहून मिळेल ते काम करायचे, आणि त्यातूनच त्यांनी मला शिकवलं. आमच्या अख्ख्या भावकीत कॉलेज पास झालेला मी पहिला. हे मी मान वर करून सांगतो.

आता मी सिल्वासात सर्व्हिस इंजिनिअर आहे. एक्स्कॅव्हेटर, लोडर, रोलर अशी मोठी मशिनं बंद पडली की आम्हाला बोलावतात.

त्या दिवशी अथालच्या साइटवर पोचलो तर एक्स्कॅव्हेटर पायाच्या अर्ध्या खणलेल्या खड्ड्यात उभा होता आणि ऑपरेटरचा डबा, पिशवी, टॉवेल सगळं सीटवरून काढून बाहेर मातीवर ठेवलेलं होतं. शेजारी ऑपरेटर उभा. भटूभाऊ, पन्नाशीचा माणूस, साक्रीकडचा.

मशीनचे मालक जयंतीभाई मला बघताच म्हणाले, "इंजिनिअरसाहेब, तुम्ही फक्त एवढं लिहून द्या की डिझेल भेळसेळवाळं होतं. बाकी मी बघून घेतो."

त्यांचा हिशोब सरळ होता. मशीन तासभर चालायचं, गरम व्हायचं, लोड आला की पॉवर सोडायचं. स्क्रीनवर एरर यायचा: रेल प्रेशर. रेल म्हणजे इंजिनवरची एक जाड नळी. डिझेल तिच्यात दाबाने भरलेलं असतं आणि तिथून इंजिनात फवारलं जातं. दोन मेकॅनिक येऊन गेले होते. एकाने फिल्टर बदलला, दुसऱ्याने रेलवरचा सेन्सर. एरर तसाच. मग साइटवर कोणीतरी बोललं, ऑपरेटर डिझेल काढून विकतो आणि वरून काहीतरी ओततो. संध्याकाळी भटूभाऊंची सुट्टी होणार होती, कायमची. आणि डिझेलचोर म्हणून नाव झालं की सिल्वासा ते वापी कोणी सीटवर बसवत नाही.

"मनी मायनी आन शे साहेब," भटूभाऊ आईची शपथ घेत म्हणाले, "टाकीले मी हात बी नही लाया."

"साहेब नका म्हणू भाऊ, मी पण तिकडचाच."

"मग तर झालंच," जयंतीभाई हसले. "गाववाळा गाववाळ्याला वाचवणार."

मी म्हटलं, "शेठ, मी कोणाला वाचवायला आलो नाही. मशीन बघायला आलोय."

आधी टाकीच्या तळातून पारदर्शक बाटलीत डिझेल काढलं. पाणी नाही, गाळ नाही. जयंतीभाईंना दाखवलं. ते म्हणाले, "आज चांगलंच असणार. तुम्ही येणार हे त्याला माहीत होतं."

मग लॅपटॉप जोडला. एरर कोडचे दोन भाग असतात. पहिला सांगतो कुठे दुखतंय, दुसरा सांगतो कसं दुखतंय. आधीच्यांनी पहिला वाचला आणि कामाला लागले. दुसरा भाग म्हणत होता: सिग्नलचा व्होल्टेज कमी. दाब कमी असणं वेगळं आणि दाबाची बातमी आणणाऱ्या वायरीत करंट न पोचणं वेगळं. सेन्सर म्हणजे शेवटी बातमी देणारा माणूस. त्याचा फोनच कट होत असेल तर त्याला बदलून काय होणार?

मी सर्व्हिस मॅनेजर कुलकर्णी सरांना फोन लावला.

"सेन्सर नवीन आहे ना? तरी कोड येतोय? मग ईसीएम गेलाय. कोटेशन देऊन टाक," ते म्हणाले. ईसीएम म्हणजे इंजिनचा मेंदू. "वापीला दुसरं मशीन बंद पडलंय, तिकडे निघ."

"सर, हार्नेस चेक केल्याशिवाय ईसीएम कसा लिहू?" हार्नेस म्हणजे सगळ्या वायरींचा जुडगा.

"सोनवणे, पूर्ण हार्नेस सोडायला दिवस जाईल."

"जाऊ द्या सर."

ते म्हणाले, "संध्याकाळपर्यंत. नाही सापडलं तर ईसीएम."

भटूभाऊंना परत सीटवर बसवलं. जयंतीभाईंना ते आवडलं नाही, पण मशीन कोणीतरी चालवायला हवं होतं. इंजिन गरम होऊ दिलं. मग बकेट जमिनीत रुतवून आर्म जोरात ओढायला लावला. असं केलं की मशीन जागेवरच राहतं आणि इंजिनवर पूर्ण लोड येतो. मी लॅपटॉपवर रेल प्रेशरचा आकडा बघत होतो. इंजिन गुरगुरलं, हललं, आणि आकडा धपकन शून्यावर. पॉवर गेली.

"शेठ, इकडे या. काय दिसतंय?"

"झीरो."

"आणि इंजिन?"

त्यांनी कान दिला. "चालू आहे."

"रेलमध्ये खरंच डिझेलचा दाब शून्य झाला असता तर इंजिन त्याच क्षणी बंद पडलं असतं. म्हणजे दाब आहे, बातमी खोटी आहे. ईसीएम त्या खोट्या बातमीला घाबरून पॉवर कमी करतोय. आता यात डिझेल कुठे आलं?"

जयंतीभाईंनी भटूभाऊंचा डबा उचलून सावलीत ठेवला.

आता वायर शोधायची होती. उभ्या मशीनमध्ये सगळं ठीक, लोडवर गडबड. म्हणजे इंजिन हललं की काहीतरी कुठेतरी टेकत होतं. इंजिन बंद केलं. सेन्सरचा आणि ईसीएमचा, दोन्हीकडचे कनेक्टर काढले. मल्टीमीटरची एक पिन सिग्नलच्या वायरीला, दुसरी बॉडीला; वायर बॉडीला कुठे टेकली की मीटर वाजतो. मग हार्नेस वीतभर-वीतभर हलवत पुढे सरकलो. पुढच्या बाजूला काही नाही. वरून काही नाही. दुपार उलटली. शर्ट ऑइलने भरला. कुलकर्णी सरांचे दोन फोन मी उचलले नाहीत. इंजिनच्या मागे, हायड्रोलिक पंपाच्या बाजूला हातसुद्धा नीट जात नाही. तिथे बोटांनी जुडगा दाबला आणि मीटर वाजला.

आरसा आत घातला. प्लास्टिकची क्लिप तुटलेली होती, आणि तिच्या जागी हार्नेस ब्रॅकेटला बाइंडिंग वायरने बांधलेला होता. सळ्या बांधतात ती तार. आपल्या साइटवर त्या तारेने काय बांधत नाहीत? मडगार्ड, आरसा, दारू पिऊन आलेल्याची चप्पलसुद्धा. पकडीने पीळ देऊन ती इतकी आवळली होती की कव्हर कापून आत तांब्यापर्यंत गेली होती. इंजिन हललं की तार तांब्याला टेकायची आणि सिग्नल सरळ बॉडीत जायचा.

क्षणभर वाटलं, कोणी बांधली हे विचारूच नये. पण जयंतीभाई पाठीशीच उभे होते. "कोणी केलं हे?"

"मी," भटूभाऊ म्हणाले. "क्लिप तुटेल व्हती, शेठ. वायर लोंबत होती, कशात तरी अडकेल म्हणून बांधली. मजबूत बांधली."

"मजबूत तर आहेच!" जयंतीभाई ओरडले. "कधी?"

"पाऊस संपला तव्हा."

एरर तेव्हापासूनच येत होता.

मी म्हटलं, "शेठ, रिपोर्टमध्ये मी हेच लिहिणार. तारेने हार्नेस कापला. आणि हेही लिहिणार की डिझेल स्वच्छ आहे."

ते त्या तारेकडे बघतच म्हणाले, "ज्याला चोरी करायची, तो लटकेली वायर कशाला बांधेल?" आणि भटूभाऊंकडे वळून, "पुढच्या वेळी मला फोन कर. पक्कड मला दे. ती तुझ्याकडे नको."

वायर जोडली, कव्हर चढवलं, नवी क्लिप लावली. मशीन पुन्हा गरम करून तशीच बकेट रुतवली. प्रेशरचा आकडा एकदाही खाली पडला नाही. भटूभाऊंनी इंजिन न थांबवता पाया खणायला घेतला, तेव्हा मी कुलकर्णी सरांना फोन केला. ते एवढंच म्हणाले, "ठीक. आता वापी."

एरर कोड वाचताना पूर्ण वाचावा. अर्धा वाचला की माणसं अर्ध्या गोष्टीवरच निकाल देतात.

त्या मशीनचा ईसीएम बदलला नाही, आणि ऑपरेटरही बदलला नाही.