ताईंनी सांगितलं म्हणून

भावाने कंपनी काढली तेव्हा त्याच्याकडे स्वतःचा एकही ट्रक नव्हता. टायरच्या दुकानामागची खोली, एक टेबल, एक फोन आणि फोनवर बहीण. माल कुठे पडून आहे आणि रिकामी गाडी कुठे उभी आहे, त्यांची गाठ घालून द्यायची आणि मधली दलाली घ्यायची, हा धंदा. भाऊ कारखान्यांचे उंबरे झिजवायचा. ट्रकवाले बहिणीकडे. ते तिला ताई म्हणत. कोणाची गाडी चढावर धापा टाकते, कोणाची बायको बाळंतपणाला आली आहे म्हणून त्याला लांब धाडायचं नाही, सगळं तिला तोंडपाठ. तिच्या लग्नाचा विषय निघाला की भाऊ म्हणायचा, "यंदा कामाचा रेटा आहे." पुढे विषयच निघेनासा झाला.

खोलीची काचेची इमारत झाली. भाऊ वारला आणि त्याच्या खुर्चीत मुलगा बसला. त्याने आत्याला केबिन दिली, दारावर पाटी लावली. फोन मात्र खालच्या मजल्यावर गेले.

एकदा तो स्वतःहून केबिनमध्ये आला. "आत्या, मोठा कारखाना हाताशी येतोय. आपल्या जुन्या ट्रकवाल्यांना सांग, दुसरीकडे गाड्या लावू नका, थोडं थांबा."

"काम त्यांनाच देणार ना?"

"मग काय! घरचीच माणसं ती."

ताई हरखली. दुपारभर फोन करत बसली. सगळे ज्याला मिशा म्हणत तो ट्रकवाला हसून म्हणाला, "तुम्ही सांगितलंत ना ताई, मग झालं."

सगळे हातची भाडी सोडून थांबले. त्यांच्या गाड्या आपल्याच म्हणून दाखवून भाच्याने करार पटकावला, आणि काम दिलं एका बड्या वाहतूकदाराला. त्याचा दर कमी होता.

ताई तरातरा त्याच्याकडे गेली. "मला कशाला सांगायला लावलंस?"

"माझं कोणी ऐकलं असतं का, आत्या?" तो म्हणाला. त्याच्या लेखी ते कौतुकच होतं.

ती ट्रकतळावर गेली. थांबण्यात हप्ते थकले, म्हणून मिशाने गाडी विकली होती. दुसऱ्याच्या ट्रकवर पगारी ड्रायव्हर म्हणून तो निघाला होता. त्याने स्टूल पुसून दिलं, चहा मागवला.

"मला माहीत नव्हतं रे," ती म्हणाली.

"असेल ताई." तो चाकाच्या नटांकडे बघत राहिला. "पण आता कोणाला फोन करू नका. उचलणार नाहीत, तुम्हालाच वाईट वाटेल."

चहा येण्याआधीच तो गाडीत चढला.

ताईने काम सोडलं. भाच्याला वाटलं, थकली असेल. त्याने थाटात निरोप दिला, हातात फुलं दिली आणि भाषणात म्हणाला, "आमचे ट्रकवाले आजही आत्याच्या एका शब्दावर थांबतात!"

लोकांनी टाळ्या वाजवल्या. तिने फुलं खुर्चीवर ठेवली आणि जिन्याकडे निघाली. कोणीतरी मागून ओरडलं, "अहो ताई, फोटो राहिलाय!"